पेव

मार्केट यार्डात रक्तदान शिबिर होतं.
केळं, बिस्किटाचा पुडा आणि स्टीलचा डबा भेट.
डब्यासाठी गेलो, खोटं कशाला बोलू.
आठवड्यानं फोन आला,
तुमची पिशवी वापरली नाही,
मिरजेला येऊन भेटा.

मी तोलार. हळदीचं पोतं काट्यावर चढलं
की आकडा ओरडायचा.
नखं पिवळी, बनियन पिवळं, आंघोळीचं पाणी पिवळं,
डोळे पिवळे झाले असते तरी घरात कुणाला कळलं नसतं.
झाले नव्हते पण.

डॉक्टर मुजावरबाई म्हणाल्या,
हा तुमच्याबरोबरच जन्मलाय.

अंगात पहारेकरी असतात म्हणे.
अनोळखी दिसला की अडवतात, गाव विचारतात.
पण मी आलो तेव्हा पहारेकरीही तान्हेच.
त्यांनी डोळे उघडले तर हा आधीच घरात,
पाळण्याखाली बसलेला.
त्यांना वाटलं, घरचाच.
तीस वर्षं त्याला ताट वाढलं.

मग कुणाला तरी शंका आली.
का आली, बाईंनाही नीट सांगता येईना.
आणि गंमत अशी, की तो स्वतः लिव्हरला
फारसा धक्का लावत नाही. तो नुसता राहतो.
मोडतोड करतात ते आपलेच,
जिथं लपला असेल ते घर भिंतीसकट पाडतात.
रिपोर्टात चढतो तो आकडा पडलेल्या भिंतींचा.
चाळीसच्या आत हवा, दोनशे दहा होता.
मी सवयीनं मनात ओरडलो.

आणि दमतात.
तोच चेहरा रोज, वर्षानुवर्षं.
आमच्या गेटवरच्या रात्रपाळीसारखे,
काठी हातात, शिट्टी गळ्यात,
ट्रक समोरून जातो
आणि हात उचलत नाही.

गोळी रोज एक, जेवणानंतर.
किती दिवस?
बाई खिडकीकडं बघत राहिल्या.
पेशीच्या गाभ्यात त्याची एक प्रत असते,
गोल, टोक नसलेली. गोळी तिथवर पोचत नाही.
मी म्हटलं, पेव.
त्या परगावच्या, त्यांना सांगावं लागलं:
हरिपुरात जमिनीच्या पोटात हळद ठेवायचे.
वर म्हशी चरायच्या, खाली माल वर्षं वर्षं तसाच.
वडील उतरायचे. आधी दोरीनं कंदील सोडायचे,
विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
पाचच्या महापुरात कृष्णा आत शिरली,
हळद कुजली, पेवं गेली.
आता माझ्या पेवात कुठली नदी सोडायची?
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
शोधतायत लोक.

आईची तपासणी केली. निघालाच.
मी दिला? एवढंच विचारलं तिनं.
मी म्हटलं, तुला कुणी दिला?
ती तिच्या आईला आठवत बसली,
जिचा एक फोटोसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशी तिची कपबशी वेगळ्या फळीवर.
उष्ट्यानं होत नाही, बाईंनी दोनदा सांगितलं होतं.
मी तीच काढली, चहा ओतला,
फुर्रकन ओढला, तिला ऐकू जाईल असा.

रतनलाही होता, माझ्या बहिणीला. सातवा महिना.
तिलाही तीच गोळी, जरा लवकरच सुरू केली.

पावणेचारला पहाटे मुलगी झाली.
सिस्टरनं दोन सुया भरल्या.
एका मांडीत लस,
ती हिच्या पहारेकऱ्यांना तोंडओळख करून देणार,
हा बघ, हा घरचा नाही.
दुसऱ्या मांडीत उसने पहारेकरी,
कुणाच्या तरी अंगातले, तयार, जागे,
हिचे उभे राहीपर्यंत.
पोरीनं वॉर्ड डोक्यावर घेतला.
वर्षानं रक्त तपासायचं, तेव्हा कळेल.

मग तिला काट्यावर ठेवलं.
काटा हलला, थांबला.
सिस्टर वही शोधत होती
आणि माझ्या तोंडून
यार्डातल्या आवाजात निघून गेलं,
दोऽन किलो सातशे!
अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.
रतन झोपेतच म्हणाली, दादा, हळू.